बँकेच्या नावाने आलेला ई-मेल खरा की खोटा? लिंक दाबण्याआधी एवढं वाचा

उल्हासनगर : "आपले खाते आज रात्री १२ वाजता बंद करण्यात येईल. केवायसी अपडेट करण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा." अशा मजकुराचे ई-मेल मुंबई-पुण्याच्या नोकरदारांनाच येतात, आपल्याला कोण पाठवणार, असं अजूनही गावाकडे बरेच जण समजतात. पण तो काळ गेला. कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवणारा कारागीर असो, नेवाळीचा भाजीवाला असो, वांगणीचा रिक्षावाला असो की मुरबाडचा भातशेती करणारा शेतकरी, प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. आणि स्मार्टफोन चालू करायचा म्हटलं की पहिल्याच दिवशी जीमेल खातं काढावं लागतं. तोच ई-मेल पत्ता पुढे बँकेच्या फॉर्मवर जातो, कर्जाच्या अर्जावर जातो, नोकरीच्या अर्जावर जातो. म्हणजे आपण ई-मेल वापरत नसलो तरी आपला ई-मेल पत्ता गावभर फिरत असतो.

अशा खोट्या मेलमध्ये नेमकं काय असतं, तो कसा ओळखायचा, चुकून लिंक दाबली तर काय करायचं आणि गेलेले पैसे मिळण्याबाबत नियम काय सांगतो, हे या लेखात सोप्या भाषेत पाहू.

फिशिंग म्हणजे गळ टाकणं

या फसवणुकीला फिशिंग म्हणतात. नाव मासेमारीवरूनच आलं आहे. उल्हास नदीवर किंवा बारवीच्या पाण्यात गळ टाकून बसणारा माणूस प्रत्येक माशाच्या मागे धावत नाही. तो आमिष लावतो आणि वाट बघतो. हे चोरही तसंच करतात. एकाच वेळी हजारो लोकांना तोच मेल पाठवतात. त्यात स्टेट बँकेचं नाव असेल, तर ज्याचं स्टेट बँकेत खातंच नाही तो हसून सोडून देतो. पण ज्याचं खातं आहे, आणि ज्याची केवायसी खरंच राहिली आहे, त्याला वाटतं की मेल आपल्यासाठीच आहे. चोराला तुमची माहिती असतेच असं नाही. अंधारात मारलेला दगड तुम्हाला लागतो, एवढंच.

मेलमधली लिंक दाबली की बँकेच्या वेबसाइटसारखं हुबेहूब पान उघडतं. तोच लोगो, तोच रंग. तिथे तुम्ही यूजर आयडी, पासवर्ड, कार्ड नंबर, पिन टाकता, आणि ते सगळं बँकेकडे न जाता थेट चोराकडे जातं.

पुण्याच्या कंपनीचे ८० लाख

हे फक्त अडाणी माणसासोबत होतं असं समजू नका. पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीचं खातं पंजाब नॅशनल बँकेत होतं. कंपनीच्या प्रमुखांनी असाच एक फिशिंग मेल खरा समजून त्याला उत्तर दिलं, आणि खात्यातून ८० लाख १० हजार रुपये दुसऱ्यांच्या खात्यांत वळवले गेले. प्रकरण माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या तेव्हाच्या आयटी सचिवांकडे, म्हणजे राजेश अग्रवाल यांच्याकडे गेलं. २०१३ मध्ये त्यांनी निकाल दिला की बँकेने तक्रारदाराला ४५ लाख रुपये द्यावेत.

या निकालात दोन्ही बाजूंना शिकण्यासारखं आहे. फिशिंग मेलला उत्तर दिलं म्हणून नुकसानीचा काही वाटा तक्रारदाराच्याही अंगावर टाकला गेला. आणि फसवणुकीसाठी उघडलेली खाती नीट तपासली नाहीत, सुरक्षेची काळजी घेतली नाही म्हणून बँकेलाही दोषी धरलं गेलं. थोडक्यात काय, "माझी चूक झाली, आता काही मिळणार नाही" असं म्हणून गप्प बसायचं नाही. आणि "बँक देईल की" म्हणून बेफिकीरही राहायचं नाही.

एक नमुना मेल, सोलून बघू

खालचा मजकूर समजावण्यासाठी तयार केलेला नमुना आहे. पण अशा मेलची धाटणी साधारण हीच असते.

"प्रिय ग्राहक, रिझर्व्ह बँकेच्या नवीन नियमानुसार आपली केवायसी अपूर्ण आढळली आहे. आज रात्री १२ पर्यंत अपडेट न केल्यास आपले खाते व एटीएम कार्ड कायमचे बंद करण्यात येईल व ४,९९९ रुपये दंड आकारला जाईल. अपडेट करण्यासाठी येथे दाबा. अडचण आल्यास आमच्या अधिकाऱ्याला या मोबाईल नंबरवर फोन करा."

आता एकेक गोष्ट बघा.

"प्रिय ग्राहक" : बँकेला तुमचं नाव माहीत असतं. खऱ्या मेलमध्ये बहुतेक वेळा नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. पण नाव आहे म्हणून मेल खराच, असंही नाही. नाव कुठूनही मिळतं.

"रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार" : मोठ्या साहेबाचं नाव घेतलं की माणूस प्रश्न विचारत नाही. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं चालवत नाही, त्यामुळे ती तुम्हाला पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मागणारा मेल पाठवायचा प्रश्नच येत नाही. "तुम्हाला लॉटरी लागली, परदेशातून रक्कम आली, ती रिझर्व्ह बँकेत अडकली आहे" असे मेल तर शंभर टक्के खोटे.

"आज रात्री १२ पर्यंत" : ही सगळ्यात मोठी खूण. घाई केली की माणूस मुलाला विचारत नाही, शाखेत जात नाही. रस्त्यावरच्या बोर्डावर "अति घाई संकटात नेई" लिहिलेलं असतं, ते इथेही लागू.

"कायमचे बंद" आणि "दंड" : आधी भीती, मग उपाय. उपाय नेमका त्यांच्याच लिंकमध्ये.

"या मोबाईल नंबरवर फोन करा" : तो नंबर चोराचाच असतो. बँकेचा नंबर पासबुकवर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो. तोच वापरायचा. मेलमधला नाही, आणि गूगलवर शोधून पहिला सापडलेलाही नाही.

केवायसीचा खरा नियम काय?

केवायसी अपडेट करावी लागते हे खरं आहे. म्हणूनच हे आमिष चालतं. पण खरी पद्धत वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की केवायसीची तारीख येण्याआधी ग्राहकाला किमान ३ वेळा कळवायचं, आणि त्यातलं किमान एक पत्राने. तारीख उलटून गेली तरी पुन्हा किमान ३ वेळा आठवण द्यायची, त्यातही किमान एक पत्र हवंच. माहितीत काही बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर गावातल्या बँक मित्राकडेही हे काम होऊ शकतं.

आता सांगा, इतक्या वेळा कळवायचं बंधन असलेली बँक एका मेलवर "आज रात्री खातं बंद" असं म्हणेल का? शंका आली तर पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा. एस.टी.चं तिकीट आणि अर्धा दिवस जाईल, पण खातं शाबूत राहील.

पत्ता उजवीकडून वाचायला शिका

खोटा मेल ओळखण्याची सगळ्यात पक्की जागा म्हणजे पत्ता. मेल कुणाकडून आला तिथे मोठ्या अक्षरात बँकेचं नाव दिसतं, ते नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाईप केलेलं असतं. तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये त्या नावाखाली एक छोटा बाण असतो. तो दाबला की खरा ई-मेल पत्ता दिसतो. बँकेच्या नावाखाली जर साधा जीमेलचा पत्ता किंवा कुठल्या तरी अनोळखी कंपनीचा पत्ता निघाला, तर मेल खोटा. मात्र पत्ता बरोबर दिसला म्हणून लगेच विश्वास टाकू नका, कारण पाठवणाऱ्याचा पत्ताही काही वेळा खोटा दाखवता येतो.

दुसरा पत्ता लिंकचा. लिंकवर बोट पटकन न दाबता थोडा वेळ दाबून धरा. खाली ती लिंक कुठे नेणार आहे तो पूर्ण पत्ता दिसतो. मेलमध्ये निळ्या अक्षरात बँकेचं नाव असलं तरी आतला पत्ता वेगळाच असू शकतो.

हा पत्ता कसा वाचायचा? आपला टपालाचा पत्ता आठवा. घराचं नाव, गाव, तालुका, शेवटी जिल्हा. दुकानाच्या पाटीवर "उल्हासनगर फर्निचर" लिहिलं म्हणून ते दुकान उल्हासनगरात असतंच असं नाही. ते नाशिकलाही असू शकतं. दुकान खरं कुठे आहे ते शेवटच्या तालुका-जिल्ह्यावरून कळतं. वेबसाइटचंही तसंच. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. खरा मालक शेवटी असतो.

उदाहरणार्थ, "एसबीआय डॉट बँक डॉट इन" हा पत्ता बँकेचा. पण "एसबीआय डॉट केवायसीअपडेट डॉट कॉम" असं असेल, तर मालक "केवायसीअपडेट डॉट कॉम" आहे. पुढे लावलेलं "एसबीआय" ही नुसती पाटी. तसंच "एसबीआय-बँक-इन डॉट कॉम" असं मधे आडव्या रेघा मारून लिहिलेलं असेल, तर तेही खोटं. इंग्रजीतला आर आणि एन जवळ लिहिला की एम दिसतो, ओ च्या जागी शून्य टाकलं की पटकन लक्षात येत नाही. अशी अक्षरांची चलाखी असते, म्हणून पत्ता घाईत वाचायचा नाही.

"डॉट बँक डॉट इन" : नवी ओळख

खऱ्याखोट्याचा हा गोंधळ कमी व्हावा म्हणून रिझर्व्ह बँकेने एक चांगलं पाऊल उचललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि २२ एप्रिल २०२५ ला परिपत्रक काढलं की देशातल्या सगळ्या बँकांनी आपल्या वेबसाइटचा पत्ता "डॉट बँक डॉट इन" वर न्यायचा. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत होती. हा पत्ता बाजारात कुणालाही विकत मिळत नाही. हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत तो फक्त बँकांनाच मिळतो.

म्हणजे बँकेच्या नावाने आलेली लिंक लॉगिन मागते आहे आणि पत्त्याच्या शेवटी "डॉट बँक डॉट इन" नाही, तर तिथे काहीही टाईप करायचं नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पतपेढी, फायनान्स कंपनी किंवा कर्ज देणारं अ‍ॅप म्हणजे बँक नव्हे, त्यांना हा पत्ता मिळत नाही. आणि ही ओळख वेबसाइटच्या पत्त्याची आहे. मेलच्या मजकुरात नुसतं "बँक डॉट इन" लिहिलेलं असणं म्हणजे पुरावा नव्हे. लिंक दाबून धरून आतला पत्ताच बघायचा.

या गोष्टींवर भुलू नका

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. काही खुणा आपल्याला खऱ्या वाटतात, पण त्या खऱ्या नसतात.

कुलपाचं चित्र : पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की वेबसाइट सुरक्षित, असं अनेकांना सांगितलेलं असतं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या वेबसाइटपर्यंत जाणारी माहिती मधे कुणी वाचू शकत नाही. पण पलीकडे बसलेला माणूस बँकवाला आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या वेबसाइटलाही कुलूप असतं.

लोगो आणि सही-शिक्का : हे सगळं बँकेच्या वेबसाइटवरून दोन मिनिटांत उचलता येतं.

शुद्ध भाषा : पूर्वी खोट्या मेलमध्ये भाषेच्या चुका असायच्या, त्यावरून कळायचं. आता एआयच्या मदतीने चांगल्या मराठीतही मेल लिहिता येतो. भाषा चांगली आहे म्हणून विश्वास ठेवू नका.

जोडलेली फाईल आणि एपीके

काही मेलमध्ये लिंक नसते, फाईल जोडलेली असते. "तुमचं स्टेटमेंट", "दंडाची नोटीस", "पीएम किसान यादी". फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती कागदाची फाईल नाही, ते एक अ‍ॅप आहे. ते बसवलं की तुमचे मेसेज, म्हणजे त्यातले ओटीपीसुद्धा, चोराला दिसू शकतात. पीएम किसान आणि गाडीच्या चलनाच्या नावाने अशा एपीके फाईली व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतात. सरळ नियम ठेवा. अ‍ॅप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच, मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं अ‍ॅप कधीच नाही.

जोडलेली फाईल किती घात करू शकते याचं उदाहरण शेजारच्या देशातलं आहे. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतल्या कर्मचाऱ्यांना नोकरीचा अर्ज वाटावा असे मेल आले होते. त्यातून चोर बँकेच्या संगणकांत शिरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी त्या बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर पळवले. बँकेतच बसलेली माणसं एका मेलने फसली, तर आपण फसलो म्हणून लाज कसली? लाज वाटून तक्रार न करणं, यात खरं नुकसान आहे.

ओटीपी असताना पैसे जातात कसे?

हा प्रश्न खूप जण विचारतात. पैसे काढायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी तर माझ्या फोनवर येतो, मग? होतं असं की तुम्ही खोट्या पानावर यूजर आयडी आणि पासवर्ड टाकला की चोर त्याच क्षणी तो बँकेच्या खऱ्या वेबसाइटवर टाकतो. बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते. खोट्या पानावर लगेच "ओटीपी टाका" असा रकाना येतो. मेसेज बँकेकडूनच आलेला असल्यामुळे तुमचा विश्वास बसतो आणि तुम्ही तो टाकता. तोच ओटीपी चोर पलीकडे वापरतो.

म्हणून ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. बहुतेक वेळा त्यात ओटीपी कशासाठी आहे आणि किती रकमेचा आहे ते लिहिलेलं असतं. तुम्ही केवायसी करताय आणि मेसेजमध्ये "४८,००० रुपये पाठवण्यासाठी" लिहिलंय, तर तिथेच थांबा.

छोट्या धंदेवाल्यांनी हे खास वाचा

कॅम्प ५ मधले जीन्सचे कारखाने, जॉबवर्क करणारे, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतले छोटे पुरवठादार यांच्यासाठी एक वेगळा धोका आहे. ज्याच्याकडून कापड, धागा, चेन घेता त्याच्या नावाने मेल येतो : "आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पेमेंट या नव्या खात्यात करा." कधी कधी त्या व्यापाऱ्याचं ई-मेल खातंच चोराच्या हातात गेलेलं असतं, त्यामुळे पत्ताही खरा असतो आणि मागचा व्यवहारही बरोबर लिहिलेला असतो. अशा वेळी मेल कितीही खरा वाटला तरी नव्या खात्यात पैसे टाकण्याआधी त्या व्यापाऱ्याला जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. पाच मिनिटांचा फोन, पण महिन्याची कमाई वाचू शकते.

भीतीचा धंदा फोनवरूनही

साहेबाचं नाव, भीती आणि घाई, हा तिहेरी डाव मेलपुरता नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरवर छापे टाकले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात. "आम्ही इथल्या आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक" असं सांगून त्यांना लुटलं जात होतं. शिकलेले अमेरिकन लोकही घाबरून पैसे देत होते. कधी मेल येतो आणि दहा मिनिटांनी "मेल मिळाला का?" असा फोनही येतो. दोन्हीकडून आलं म्हणजे खरंच असणार, असं वाटायला लावण्याची ती युक्ती आहे.

लिंक दाबली, माहिती दिली. आता काय?

इथे घाई करायची. इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

१. नुसती लिंक उघडली, काही टाईप केलं नाही आणि काही डाउनलोड केलं नाही, तर घाबरू नका. पान बंद करा.

२. पासवर्ड किंवा कार्डाची माहिती दिली असेल तर लगेच बँकेच्या खऱ्या नंबरवर फोन करून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा.

३. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करा. तिथून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि रक्कम पुढे सरकायच्या आधी रोखण्याचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात. जितका उशीर, तितके पैसे लांब. फोनच्या वेळी खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवा.

४. केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर लेखी तक्रार त्याच दिवशी नोंदवा. स्वतःला जमत नसेल तर घरच्या शिकलेल्या मुलाला सोबत घ्या.

५. जवळच्या पोलीस ठाण्यात जा. कॅम्प ५ ला हिललाईन पोलीस ठाणं आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, मुरबाड-शहापूर ठाणे ग्रामीणमध्ये. पण हद्दीच्या वादात पडू नका. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. दुसऱ्याच्या नावाने संगणक-मोबाईलवरून फसवणूक करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे गुन्हा आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

६. तो मेल डिलीट करू नका. तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

७. एपीके बसवलं असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला.

पैसे परत मिळतात का? नियम असा आहे

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथे कामाला येतं. सहकारी बँकांसाठीही असाच नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. त्यात तीन प्रकार केले आहेत.

पहिला, चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. सगळी रक्कम बँकेने द्यायची.

दुसरा, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच गडबड झाली. बँकेकडून व्यवहाराची सूचना आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बेसिक बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० आणि इतर बचत खात्यांना १०,००० रुपयांपर्यंतच भार ग्राहकावर. ७ दिवसांनंतर मात्र त्या बँकेचं जे धोरण असेल ते.

तिसरा, ग्राहकाने स्वतः पासवर्ड, ओटीपी दिला. फिशिंगची बरीच प्रकरणं इथे येतात. बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणूनच चूक झाल्याचं कळलं की त्याच मिनिटाला फोन करायचा. उद्या सकाळी शाखा उघडल्यावर जाऊ म्हणालात आणि रात्रीतून आणखी पैसे गेले, तर तेही तुमच्याच अंगावर.

यात एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे. चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. तक्रार ९० दिवसांच्या आत निकाली काढायची असते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. आणि पुण्याच्या प्रकरणासारखा दावा राज्याच्या आयटी सचिवांकडेही करता येतो. ५ कोटींपर्यंतची भरपाई मागण्याची तिथे सोय आहे.

खातं भाड्याने देऊ नका

फिशिंगचे पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. त्याला दुसऱ्याची खाती लागतात. "तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार देतो" असं सांगून बेरोजगार पोरांची, मजुरांची, कधी बचत गटातल्या बायकांची खाती घेतली जातात. यात काय जातंय आपलं, असं वाटतं. पण कुणाचे तरी चोरलेले पैसे त्या खात्यात आले की पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव खातेदाराचं येतं. खातं गोठतं, मजुरीचे आणि अनुदानाचे पैसे अडकतात, आणि चौकशीला परराज्यातून बोलावणं येऊ शकतं. मित्र, नातेवाईक, कुणीही मागितलं तरी खातं द्यायचं नाही.

आजच घरात करायच्या पाच गोष्टी

१. तुमच्या जीमेलचा पासवर्ड कुणाकडे आहे ते बघा. बऱ्याच जणांचं खातं मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो. तो आज बदला. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती इतर खात्यांच्या चाव्या.

२. जीमेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

३. बँकेचा खरा नंबर पासबुकवरून बघून फोनमध्ये सेव्ह करा. सोबत १९३० पण.

४. खात्याला लागलेला मोबाईल नंबर चालू आहे ना ते तपासा. नंबर बंद असेल तर पैसे गेल्याचा मेसेजच येणार नाही, मग तीन दिवसांत कळवणार कसं?

५. घरात एकच नियम ठरवा : मेलमधल्या लिंकवरून बँकेत कधीच शिरायचं नाही. बँकेचं काम असेल तर स्वतः बँकेचं अ‍ॅप उघडायचं किंवा शाखेत जायचं. मेल खरा असेल तर तेच काम तिथेही दिसेल. खोटा असेल तर चोराचा गळ रिकामाच राहील.

संशयास्पद मेल आला तर जीमेलमध्ये तीन टिंबांवर दाबून तो स्पॅम म्हणून नोंदवा, म्हणजे पुढच्यांना तो येण्याची शक्यता कमी होते. आणि गावात कुणी फसलं असेल तर त्याला हसू नका. त्याला आधी १९३० लावून द्या, बाकीचं बोलणं नंतर.